सरकलेला मणका चोळून बसतो का?

प्रश्न: डॉक्टर, वय ५८, म्हापशात राहते. वर्षभर कंबर दुखतेय. आता शुक्रवारच्या बाजारात दहा मिनिटं फिरलं की दोन्ही पोटऱ्या भरून येतात, कुठेतरी टेकलं की बरं वाटतं. एक्सरेत एल-४ (कंबरेचा चौथा) मणका एल-५ (पाचव्या) वर पुढे सरकलाय, ग्रेड १ असं आलंय. शेजारीण म्हणते एक जण चोळून मणका बसवतो. जाऊ का? की ऑपरेशनच?

उत्तर: ताई, चोळणाऱ्याकडे अजिबात जाऊ नका. मणका काही निखळलेला सांधा नाही, दाबला की खटकन बसला असं होत नाही, उलट नस दुखावायची. आणि ही स्लिपडिस्क पण नव्हे. मागचे छोटे सांधे झिजतात, मणक्यांमधली चकती दबून पातळ होते, मग वरचा मणका हळूहळू पुढे घसरतो, पन्नाशीनंतर बायकांमध्ये हे जास्त आणि बहुतेक वेळा ह्याच जागी. ग्रेड १ म्हणजे खालच्या मणक्याच्या पाव भागापर्यंत सरकलेला, घाबरण्यासारखं नाही.

स्कूटरवर बसून पणजीला गेलात तर पोटऱ्या भरत नाहीत, बरोबर ना? ताठ उभं राहिलं की नसांची जागा आवळते, बसलं किंवा पुढे वाकलं की मोकळी होते. तरी डॉक्टरांकडून पायाची नाडी बघून घ्या, रक्तपुरवठा कमी असला तरी चालताना असंच दुखतं. एक्सरे झोपवून काढला असेल तर उभं राहून परत काढा, पडल्यावर मणका कधीकधी मागे जातो आणि सगळं ठीकच दिसतं.

ऑपरेशन बहुतेकांना लागतच नाही. फिजिओकडे पोटाचे, नितंबांचे व्यायाम शिका आणि दोन-तीन महिने रोज करा, चार दिवस करून सोडलं तर मग मला विचारू नका. मागे वाकायचे व्यायाम नकोत. पाण्याची कळशी राहू द्या, वजन असेल तर उतरवा. पेनकिलर थोडे दिवसच, बीपी-किडनीचा त्रास असेल तर विचारल्याशिवाय नाही. पट्टा पण कायमचा नको. एवढं करून चालणं कमीच होत गेलं तर एमआरआय, इंजेक्शन, आणि मग नसा मोकळ्या करून, गरज पडली तर स्क्रू घालून मणके जोडायचं ऑपरेशन.

फक्त लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, बसायची जागा बधिर झाली, चालताना चप्पल पायातून निसटायला लागली तर माझ्या उत्तराची वाट बघू नका, त्याच दिवशी बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) कॅज्युअल्टी गाठा.