पद्धत परदेशी नेण्यापूर्वी

सप्रेम आशीर्वाद.

मुख्यालयाची कामाची पद्धत परदेशातल्या उपकंपनीत रुजवण्याची जबाबदारी तुझ्यावर आल्याचे वाचून मनापासून आनंद झाला. तिथल्या लोकांची संस्कृती समजण्यासाठी काय वाचावे, असे तू विचारले आहेस. त्याकडे वळण्यापूर्वी मला तुला एक विचारावेसे वाटते: जी पद्धत तू नेणार आहेस, ती मूळ ठिकाणी कशाच्या बळावर चालते, हे तू तपासले आहेस का?

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँट येथील जनरल मोटर्सचा कारखाना १९८२ मध्ये बंद पडला, तेव्हा गैरहजेरी आणि कामगार-व्यवस्थापन यांच्यातले वैर यांसाठी तो कुप्रसिद्ध होता. १९८४ मध्ये टोयोटा आणि जनरल मोटर्स यांच्या ‘नुमी’ या संयुक्त कंपनीने तिथेच उत्पादन सुरू केले. कामगार बहुतांशी जुनेच होते, संघटनाही तीच होती, आणि तरीही थोड्याच काळात तिथल्या गाड्यांचा दर्जा नावाजला जाऊ लागला. या कारखान्यात गाड्यांच्या जुळणीच्या लाइनच्या कडेने एक दोरी असे. कामात दोष दिसला की कामगाराने ती ओढायची, टीम लीडरने लगेच येऊन पाहायचे, आणि ठरावीक अवधीत अडचण सुटली नाही तर लाइन थांबायची. लाइन थांबवणे हाच मोठा अपराध मानणाऱ्या कारखान्यात ज्यांची उमेदीची वर्षे गेली होती, त्यांनी या दोरीला हात लावावा, हे सोपे नव्हते. ते घडले, कारण कपातीची वेळ आलीच तर आधी अधिकाऱ्यांचे पगार कमी होतील, अशी हमी करारात होती. आणि १९८८ च्या सुमारास मागणी घसरली तेव्हा कंपनीने माणसे कमी न करता त्यांना प्रशिक्षणाला बसवून तो शब्द पाळला.

आता पुढचा भाग नीट लक्षात घे. जनरल मोटर्सने हीच पद्धत कॅलिफोर्नियातल्याच व्हॅन नाइस येथील आपल्या कारखान्यात नेऊन पाहिली आणि तिथे ती रुजली नाही. १९९२ मध्ये तो कारखाना बंद झाला. जपानहून अमेरिकेत येऊन रुजलेली पद्धत त्याच राज्यात, त्याच कंपनीत फसली, याचा दोष राष्ट्रीय संस्कृतीवर कसा टाकणार? पद्धतीचे बाह्य रूप नेले होते, तिच्यामागचा विश्वास मात्र तिथे तयार झाला नव्हता.

आपण ज्याला संस्कृती म्हणतो तो पुष्कळदा तिथला कायदा असतो, हेही ध्यानात ठेव. अमेरिकेतल्या क्लीव्हलँडची लिंकन इलेक्ट्रिक ही वेल्डिंगची सामग्री बनवणारी कंपनी नगावर मजुरी, वार्षिक बोनस आणि नोकरीची हमी यांच्या मेळावर अनेक दशके उत्तम चालली. परंतु परदेशातले कारखाने झपाट्याने विकत घेऊन तीच घडी तिथे बसवताना तिची फार ओढाताण झाली आणि १९९२ मध्ये तिला मोठा तोटा सोसावा लागला. जर्मनीत नगावरच्या मजुरीचे दर ठरवताना कामगारांनी निवडलेल्या कामगार परिषदेला कायद्याने सहनिर्णयाचा अधिकार आहे. मालकाने एकतर्फी आखलेली योजना तिथे अडली, तर ‘लोक बदलाला तयार नाहीत’ हा निष्कर्ष अन्यायाचा ठरेल.

वाचनाबद्दल म्हणशील, तर डच संशोधक गीर्ट हॉफस्टेड यांनी १९६७ ते १९७३ या काळात आयबीएमच्या अनेक देशांतल्या कर्मचाऱ्यांकडून मिळवलेल्या उत्तरांवर केलेली राष्ट्रीय संस्कृतींची मांडणी अवश्य वाच. मात्र ते आकडे देशांच्या सरासरीचे आहेत. समोर बसलेल्या माणसाला त्या सरासरीत बसवू नकोस; खुद्द हॉफस्टेड यांनीही हा इशारा दिला आहे.

तिथे पोहोचल्यावर बैठकीतल्या शांततेला होकार समजू नकोस. अर्ज वेळेवर भरले जातील, प्रगतीच्या तक्त्यांत सगळे ठीक दिसेल आणि प्रत्यक्ष काम पूर्वीसारखेच चालू राहील, हा धोका उघड विरोधापेक्षा मला मोठा वाटतो, कारण तो अहवालात कधीच उमटत नाही. म्हणून याआधी मुख्यालयाकडून आलेल्या योजनांचे काय झाले, हे तिथल्या जुन्या पर्यवेक्षकांना एकेकट्याने भेटून विचार, आणि नवी पद्धत सुरू झाल्यावर जो पहिल्यांदा चूक दाखवेल त्याला पुढच्या आठवड्यात काय सोसावे लागते, यावर स्वतः लक्ष ठेव.

निघण्यापूर्वी एक काम कर. तुझ्या पद्धतीला मुख्यालयात ज्या ज्या गोष्टींचा आधार आहे, म्हणजे पगाराची रचना, बढतीचे नियम, संघटनेशी झालेले करार, वरिष्ठांनी दिलेले आणि पाळलेले शब्द, त्यांची यादी कर आणि त्यांतले तिथे काय आहे, काय उभारावे लागेल, ते प्रत्येकापुढे लिही. ती यादी मला पाठव. पुढच्या पत्रात तिच्यावरच बोलू.

तुझा हितचिंतक