‘मी ठीक आहे’ म्हणणाऱ्यांचा अभ्यास

दापोली,
मे महिन्याची अखेर

प्रिय डॉक्टर,

(लहानपणापासून तुला नावाने हाक मारत आलो असलो तरी आता हेच संबोधन शोभते.)

तुझे पत्र आणि प्रबंधाच्या विषयांचा कच्चा आराखडा, दोन्ही मिळाले. सैनिक, नौसैनिक आणि वैमानिक यांचे आरोग्य व कार्यक्षमता यांवर संशोधन करायचे तू मनावर घेतले आहेस, हे वाचून फार बरे वाटले. सेनादलात कमिशन घ्यावे की बाहेर राहून हे काम करावे, हा तुझा प्रश्न मी तूर्त बाजूला ठेवतो. त्याआधी आराखड्यात जे खटकले त्याविषयी लिहितो.

तू सुचवलेल्या बहुतेक विषयांत मुख्य साधन प्रश्नावली आहे. थकवा किती वाटतो, झोप पुरते का, कामात लक्ष लागते का, यांची उत्तरे एक ते दहा अशा पट्टीवर घ्यायची आणि त्यांची सरासरी काढायची, असा तुझा बेत दिसतो. इतर क्षेत्रांत हे चालून जाईल. आपल्या क्षेत्रात मात्र ज्याच्यावर परिणाम होतो त्यालाच तो सर्वांत शेवटी कळतो, आणि कळला तरी तो सर्वांत शेवटी सांगतो. या दोन वेगळ्या अडचणी आहेत. पहिली शरीराच्या घडणीतली आहे, दुसरी गणवेशातली.

पहिल्या अडचणीचे सर्वांत स्वच्छ रूप पाहायचे असेल, तर कमी दाबाच्या कक्षात बसलेला शिकाऊ वैमानिक पाहा. आपल्याकडे बंगळुरूच्या इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिनमध्ये, जी १९५७ साली स्कूल ऑफ एव्हिएशन मेडिसिन म्हणून सुरू झाली, प्राणवायूच्या कमतरतेचा अनुभव वैमानिकांना मुद्दाम दिला जातो. कक्षातील हवा २५,००० फुटांवर असते तितकी विरळ झाली आणि मुखवटा काढला, की डोके कामात राहण्याचा अवधी साधारण तीन ते पाच मिनिटांचा उरतो. अशा वेळी हातात कागद देऊन हजारातून सात-सात वजा करत जायला सांगावे. पहिल्या काही ओळी नीटनेटक्या येतात. मग अक्षर मोठे होऊ लागते, ओळ खाली उतरते, एकच आकडा दोनदा लिहिला जातो आणि नखे निळसर पडतात. ‘कसे वाटते?’ असे विचारले तर तो हसून अंगठा वर करतो. मुखवटा चढवल्यावर थोड्याच श्वासांत चेहऱ्याचा रंग परत येतो, आणि मध्ये काही घडलेच नाही अशा थाटात तो पुढची वजाबाकी मांडू लागतो. त्याचाच कागद त्याच्यासमोर धरावा लागतो, तेव्हा कुठे त्याला पटते.

हे ज्ञान फुकट मिळालेले नाही. १८७५ साली ‘झेनिथ’ नावाच्या बलूनमधून तीन फ्रेंच संशोधक आठ हजार मीटरच्या आसपास पोचले. प्राणवायूच्या पिशव्या सोबत होत्या, पण त्या ओढून घेण्याचे बळ हातात राहिले नाही आणि तिघांतले दोघे गेले. वाचलेल्या तिसाँदिएने नंतर लिहून ठेवले की त्रास असा जाणवतच नव्हता, उलट आतून आनंद वाटत होता. अशा माणसाला तुझी प्रश्नावली दिली असती तर त्याने दहापैकी दहा गुण भरले असते.

गुरुत्वभाराचेही तसेच आहे. सेंट्रिफ्यूजमध्ये, म्हणजे माणसाला गरगर फिरवून त्याच्यावरचा गुरुत्वभार वाढवणाऱ्या यंत्रात, शुद्ध हरपलेल्या कित्येकांना आपली शुद्ध गेली होती हे आठवतच नाही, आणि चित्रफीत दाखवल्यावर ते चकित होतात. दिशाभ्रमात तर आतला कान चक्क खोटे सांगतो: विमान एकाच गतीने वळत राहिले की वीसेक सेकंदांत वळण्याची जाणीव विरते आणि विमान सरळ चालल्यासारखे वाटते. ही दोन्ही प्रकरणे थरारक आहेत, म्हणून नवख्यांचा ओढा तिकडे असतो. तुझाही आहे. माझ्या मते त्यांच्यावर पुष्कळ काम झाले आहे आणि त्यासाठी लागणारी यंत्रे तुझ्या हाती लवकर येणारही नाहीत.

झोपेकडे मात्र तू जरा उपेक्षेने पाहिले आहेस असे वाटते. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या पडद्यासमोर बसणारे लोक खुणा का चुकवतात, या प्रश्नातून नॉर्मन मॅकवर्थ यांनी केंब्रिजमध्ये आपली प्रसिद्ध घड्याळ-चाचणी बसवली, आणि पहिल्या अर्ध्या तासातच पाहणाऱ्याची दक्षता उतरते हे दाखवून दिले. पुढे १९८५ च्या सुमारास दहा मिनिटांची साधी दक्षता-चाचणी आली. पडद्यावर अनियमित अंतराने आकडा उमटतो, दिसताच बटण दाबायचे, आणि अर्ध्या सेकंदाहून जास्त उशीर झाला की ती चूक धरायची. हीच चाचणी वापरून २००३ साली पेनसिल्व्हेनियात झालेला एक प्रयोग तू मुळातून वाच. चौदा दिवस रोज सहा तास किंवा त्याहून कमी झोप मिळालेल्यांची कामगिरी इतकी घसरली की ती एक-दोन रात्रींच्या सलग जागरणाइतकी भरली. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते हे, की चुका दिवसेंदिवस वाढत असताना ‘झोप येते का?’ या प्रश्नाचे उत्तर मात्र थोड्याच दिवसांत स्थिरावले होते. सवय झाली असे त्यांना वाटत होते. सवय झाली होती ती फक्त वाटण्याला.

याची किंमत आपल्या या किनाऱ्यानेही मोजली आहे. २२ मे २०१० रोजी दुबईहून आलेले विमान मंगळूरच्या डोंगरमाथ्यावरील धावपट्टीवरून पुढे जाऊन कोसळले आणि १५८ माणसे गेली. मुख्य वैमानिक उड्डाणाचा मोठा भाग झोपेत होता, आणि गाढ झोपेतून उठल्यावर येणारी गुंगी हे त्याच्या चुकीच्या निर्णयांमागचे एक कारण असावे, असे चौकशीत पुढे आले. म्हणजे झोप वाईट, असा अर्थ काढू नकोस. नासाने १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लांबच्या उड्डाणांत आळीपाळीने चाळीस मिनिटांची ठरवून विश्रांती दिली होती, त्यात वैमानिक सरासरी सव्वीस मिनिटे झोपले आणि उतरण्याच्या टप्प्यात अधिक सावध राहिले. किती झोप, कधी आणि उठल्यानंतर किती वेळाने काम, हा खरा प्रश्न आहे, आणि तो मोजता येतो. समुद्रावरही तेच. २०१७ साली अमेरिकी नौदलाच्या दोन युद्धनौका दोन महिन्यांच्या अंतराने व्यापारी जहाजांवर आदळून सतरा नौसैनिक मेले, आणि दोन्ही चौकश्यांत पहारेकऱ्यांच्या थकव्याचा उल्लेख आला. आपल्याकडे नागरी वैमानिकांची साप्ताहिक विश्रांती नव्या नियमांत ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली, तीही थकव्याविषयी गोळा केलेल्या माहितीच्या आधारे. ‘आम्ही दमतो’ एवढ्या तक्रारीवर ती वाढली नसती.

आता दुसरी अडचण, गणवेशाची. वैमानिकाला डॉक्टर हा मित्र असतो, पण त्याच डॉक्टरच्या सहीने तो ग्राउंड होतो, म्हणजे त्याचे उड्डाण बंद होते. सैनिकाला ‘शेप वन’, म्हणजे पूर्ण तंदुरुस्तीच्या वैद्यकीय श्रेणीत, राहायचे असते, कारण लो मेडिकल कॅटेगरी आली की बढती, कोर्स, नेमणूक, सगळ्यावर पाणी पडते. म्हणून कंबर दुखत असली तरी हेलिकॉप्टरचा वैमानिक ती औषधाच्या दुकानातल्या मलमावर भागवतो, आणि लेहला नव्याने उतरलेला रत्नागिरीकडचा तगडा जवान डोके फुटायची वेळ आली तरी बोलत नाही, कारण धावण्यात पहिला येणाऱ्याने डोकेदुखी सांगणे त्याला कमीपणाचे वाटते. वस्तुतः तंदुरुस्ती उंचीच्या आजारापासून वाचवत नाही. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १,९२५ भारतीय सैनिकांवरचे निरीक्षण १९६९ साली प्रसिद्ध केले, ते आजही जगभर उद्धृत होते. नऊ ते बारा हजार फुटांवर पहिले सहा दिवस सराव करवून मगच वर पाठवायचे, ही आपल्या सेनेची शिस्त अशा अनुभवातूनच बसलेली आहे. ती शिस्त सर्वांना सारखी लागू असते, आणि तिचे मोठेपण त्यातच आहे: ‘तुला काही होतेय का?’ या प्रश्नाच्या उत्तरावर ती अवलंबून नाही.

संमतीपत्राविषयी तू एकच ओळ लिहिली आहेस, ती मला पुरेशी वाटत नाही. कमांडिंग ऑफिसरने फॉलिनमध्ये, सगळ्यांना रांगेत उभे करून, ‘डॉक्टरीणबाईंना सहकार्य करा’ असे सांगितले, की सगळी पलटण सही करील. ती संमती नव्हे, हुकुमाची तामिली झाली. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत वरिष्ठ-कनिष्ठ नात्यात बांधलेल्यांना, सेनादलांतील माणसांसह, विशेष संरक्षण द्यायला सांगितले आहे. अमेरिकी संरक्षण खात्याच्या नियमांनुसार तर संमती घेताना वरिष्ठाने तिथे हजरच राहायचे नसते. तू निदान एवढे कर: संमती एकेकट्याला विचार, नकाराची नोंद कुठेही जाणार नाही याची तजवीज कर, आणि तुझ्या तपासणीत कोणाच्या हृदयालेखात दोष सापडला तर ते कोणाला कळवणार आणि कोणाला नाही, हे संशोधन सुरू होण्यापूर्वी लिहून काढून प्रत्येकाला वाचून दाखव. हा शेवटचा मुद्दा बहुतेक जण वाऱ्यावर सोडतात. मग एखाद्याची श्रेणी गेली की त्या तळावर पुढली कित्येक वर्षे कोणी संशोधकाला खरे सांगत नाही.

याच्याशीच जोडलेली आणखी एक गोष्ट. सेवेत असलेल्यांची तुलना तू जिल्ह्यातल्या सर्वसाधारण तरुणांशी करणार आहेस. हे लोक निवडून घेतलेले आहेत, आणि जे आजारी पडले ते गाळलेही गेले आहेत. तुझ्या नमुन्यात उरणार ते टिकलेले. त्यांचा रक्तदाब उत्तम निघाला तर त्याचे श्रेय नोकरीला देऊ नकोस. शक्यतो प्रत्येकाची तुलना त्याच्याशीच कर: पाळीच्या आधी आणि नंतर, रजेवरून आल्यावर आणि सलग रात्रपाळ्यांनंतर. आणि जे गाळले गेले त्यांना शोधायला आपल्या कोकणासारखी जागा नाही. महाड तालुक्यातले फौजी आंबवडे, घरोघरी सैनिक असलेले गाव, तुला ठाऊकच आहे. इकडे गावोगाव पेन्शनर सुभेदार आणि नौदलातले पेटी ऑफिसर आहेत, आणि आता श्रेणी जाण्याची भीती नसल्याने ते मोकळेपणाने बोलतात. त्यांच्या आठवणीतून आकडे काढू नकोस, आठवण फसवते. पण नेमके काय लपवले जाते हे त्यांच्याकडून समजून घे, आणि त्यावरून काय मोजायचे ते ठरव.

सगळा दोष माणसाच्या शरीरात शोधण्याचीही एक खोड असते. महायुद्धात बी-१७ विमाने जमिनीवर उतरल्यानंतर वैमानिक फ्लॅपऐवजी (पंखांवरच्या झडपांऐवजी) चाके वर घेत, आणि अहवालात ‘वैमानिकाची चूक’ असे लिहिले जाई. आल्फान्स चापानिस यांनी पाहिले, तर दोन्ही कळा शेजारी-शेजारी आणि दिसायला सारख्याच. एकीला रबरी चाकाचा आणि दुसरीला पाचरीचा आकार दिल्यावर प्रश्न मिटला. दमलेल्या माणसाला झोप देणे हा एक उपाय, दमल्यावरही चुकणार नाही अशी कळ देणे हा दुसरा. तुझ्या प्रबंधात दुसऱ्याला निदान एक प्रकरण असावे.

विषयाबाबत माझे मत स्पष्ट आहे. तू उष्णता आणि झोप घे, तीही दमट किनाऱ्यावरच्या ग्राउंड क्रूची आणि जहाजाच्या इंजिनरूममधल्यांची. त्यांच्याकडे कोणाचे फारसे लक्ष नसते. इथे मे महिन्यात पारा ३३-३४ च्या वर क्वचितच जातो, म्हणून बाहेरच्यांना हवा सुसह्य वाटते. पण घाम वाळतच नाही, नुसता निथळतो, आणि न वाळणारा घाम शरीराला थंड करत नाही. १९५० च्या दशकात अमेरिकी मरीन सैनिक पॅरिस आयलंडच्या अशाच दमट छावणीत उन्हाने कोसळत, तेव्हा उष्णतेचा जो निर्देशांक तयार झाला तो आजही वापरात आहे: ओल्या फडक्यातल्या तापमापकाला ७० टक्के वजन, काळ्या गोलातल्याला २०, साध्याला अवघे १०. मुरूड-कर्द्याच्या पुळणीवर अग्निवीर भरतीसाठी १,६०० मीटर पळणारी मुले आणि त्यांना पळवणारे मास्तर साधा पारा बघतात किंवा काहीच बघत नाहीत. काळा गोल आणि ओले फडके यांचा खर्च फार नाही. तू या मोसमात निदान रोजच्या नोंदी सुरू कर, म्हणजे पुढे परवानगी मागताना हातात काहीतरी असेल. दमट उष्णतेची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात आणि काही आठवडे दूर राहिले की ती मोडते. रजेवरून परतलेल्यांना पहिल्याच दिवशी पूर्ण कामाला लावण्याबाबत त्यातून बरेच काही सांगता येईल.

दक्षता-चाचणीचा हात बसायला गणवेशाची वाट पाहू नकोस. १ जूनपासून मासेमारी बंद होईल आणि हर्णैच्या बोटी शाकारल्या जातील. नारळी पौर्णिमेनंतर त्या पुन्हा निघाल्या की दोन-तीन रात्री समुद्रावर काढून आलेल्या तांडेलांवर (बोटीच्या म्होरक्यांवर), तुझ्या कॉलेजच्या नैतिक समितीची मान्यता घेऊन, सराव कर. बोट किनाऱ्याला लागली की लिलावाची घाई असते. दहा मिनिटे स्वस्थ बसणारा माणूस मिळवणे, फोनचा पडदा उन्हात दिसेल अशी सावली शोधणे, मासळीच्या ओल्या हातांनी बटण दाबले तर वेळ चुकते हे लक्षात येणे, हे तुला तिथेच शिकता येईल. ‘झोप झाली का?’ असेही प्रत्येकाला विचार आणि ते उत्तर चाचणीच्या शेजारच्या रकान्यात लिही.

कमिशनबद्दल: आत गेलीस तर विश्वास लवकर मिळेल, पण प्रसिद्धीला परवानगी लागेल. बाहेर राहिलीस तर याच्या उलट. घरच्यांशी बोलून ठरव. घाईने नको, कारण अर्जाची मुदत चुकली तरी वरचे काम अडत नाही.

सुधारलेला आराखडा एका पानाचा असू दे आणि संमतीपत्राचा मसुदा मराठीत कर. आमच्या वाडीतल्या दोघा निवृत्त हवालदारांना तो वाचायला देऊ. त्यांना जिथे अडेल तिथे बदलू. मृगाच्या आत आलीस तर बरे, नंतर घाटातल्या दरडींचा भरवसा नसतो.

कळावे, लोभ आहेच, वृद्धी व्हावी.

तुझा,
काका