पायपेटीवर माणूस बसव

प्रिय मुला,

तुझ्या नाट्यसंस्थेच्या हंगामाची एक्सेलची शीट चष्मा लावून दोनदा पाहिली. दिवाळी ते होळी पाच नाटकं : दोन संगीत, दोन गद्य, एक बालनाट्य. रात्री एक वाजता पाठवलेला तुझा आवाजही ऐकला. "ताई, साथीदार परवडत नाहीत, स्टुडिओवाला साथ रेकॉर्ड करून ट्रॅक देतोय, हल्ली सगळे तेच करतात, पण मन घेत नाही." मन घेत नाही म्हणालास तिथेच विषय संपला होता. तू मात्र पुढे सात मिनिटं बोललास.

माझं एकच सांगणं आहे. पायपेटीवर, त्या पायानं भाता मारायच्या पेटीवर, माणूस बसव. तबल्यावर माणूस बसव. व्हायोलिन जमलं तर जमलं. पण तिकिटावर 'संगीत' हा शब्द छापणार असशील, तर साथ करणारा माणूस समोर हवा, नटाच्या तोंडाकडे बघणारा.

पैशाचं आधी बोलू, कारण अडलायस तिथेच. तुझ्या शीटची ओळ १४ : मागच्या एलईडी पडद्याचं भाडं. ओळ २२ : तिघा साथीदारांच्या नाईटी, म्हणजे दर प्रयोगाचं मानधन. चौदावी ओळ मोठी आहे. हे तुझ्या लक्षात कसं आलं नाही? मागे राजवाडा चमकला नाही म्हणून प्रेक्षक उठून गेल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. १९७२ साली पुण्यात 'घाशीराम कोतवाल' नाटक उभं राहिलं ते माणसांच्या भिंतीवर. ती भिंत गायची, नाचायची, प्रेक्षकांकडे पाठ केली की पडदा व्हायची. हौशी मंडळींनीच केलं होतं ते.

आणि पाच नाटकं कशाला? सभासदांच्या कार्डावर पाच आकडा छापायचाय म्हणून? अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात 'शाकुंतल' लावलं तेव्हा सातांपैकी पहिले चारच अंक केले. दोन वर्षांनी 'सौभद्र'चेही आधी तीनच अंक आले. उरलेले मागाहून. तुला पाचाची तीन नाटकं करायला लाज वाटते! एक संगीत, एक गद्य, एक बालनाट्य. वाचलेल्या पैशातून साथीदारांना पहिल्या तालमीपासून बोलाव. आदल्या दिवशी नव्हे. तालमीत नसलेला तबलजी म्हणजे ट्रॅकच, फक्त त्याला चहा द्यावा लागतो.

आता तू म्हणशील, बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत तबल्यावर थिरकवाँ होते, सारंगीला कादरबक्ष होते, आणि तरीही ते कर्जात बुडालेच. बुडाले. पण त्या खर्चात शालू, अत्तर, गालिचेही होते. कर्जाचं बोलणं निघालं की तुम्हा लोकांना नेमका तबलजीच कसा आठवतो? आज शंभर वर्षांनी लोक त्या गालिच्यांबद्दल बोलतात की त्या साथीबद्दल?

थोडी रागावले. पाणी पिऊन आले.

माझी गोष्ट तुला कुणीतरी अर्धीच सांगितलीय, असं तुझ्या बोलण्यावरून वाटलं. पुरी ऐक. आमची संस्था तुमच्याहून लहान. हिशेब माझ्याकडे आणि नायिकाही मीच, म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. पायपेटीला एक काका होते, मिरजेला तानपुऱ्यांची दुकानं आहेत त्या भागात राहायचे. एका थंडीत माझा घसा बसला होता. तिसरी घंटा झाली तरी मी कुणाला काही बोलले नव्हते. पहिलं पद कसंबसं ओढलं. दुसऱ्या पदाआधीचं माझं गद्य वाक्य चालू होतं, तेवढ्यात काकांनी तबलजीकडे पाहिलं. तबल्यावर हातोडी दोनचारदा हलकेच वाजली, आणि सूर आला तो पांढरी पाचचा. माझी पट्टी, म्हणजे गायचा मूळ सूर, काळी चार. माझ्या बोलण्यातली खरखर ऐकून त्या माणसानं पट्टी अर्ध्या सुरानं खाली आणली होती, मला न विचारता. त्या रात्री मी गायले ते त्यांच्या कानांच्या जोरावर.

याच काकांना मी काढलं. काढलं असं म्हटलं नाही, कुणी म्हणत नाही. बुकिंग पडलं होतं, "या खेपेला कॅसेटवर करून बघू" असं मी म्हणाले. रेकॉर्डिंगला पदं वाजवून कुणी दिली? त्यांनीच. स्वतःची जागा रिकामी करायला तो माणूस तीन दिवस पायानं भाता हलवत बसला होता, आणि मी काचेपलीकडून त्यांना सांगत होते, काका, इथे जरा आवरतं घ्या.

प्रयोग तालुक्याच्या गावी होता. दुसऱ्या अंकातलं पद चांगलं झालं, खरंच चांगलं झालं. मागून आवाज आला, "वन्स मोअर!" मग डावीकडून, मग बाल्कनीतून. आयुष्यात मला इतका मोठा वन्स मोअर मिळाला नव्हता. आणि कॅसेट पुढे सरकली. पुढच्या प्रवेशाची धून सुरू झाली, ठरल्याप्रमाणे नायक विंगेतून आत आला, मला बघून थबकला. मी हात जोडून उभी. टाळ्या थोडा वेळ चालल्या, मग लोकांनाच अवघडल्यासारखं झालं असावं. काका सहाव्या रांगेत होते, तिकीट काढून आले होते. प्रयोगानंतर आत आले आणि म्हणाले, "पट्टी बरोबर होती." एवढंच. पुढच्या वर्षी मी बोलवायला गेले तेव्हा त्यांनी पायपेटी विकून टाकली होती.

म्हणून सांगते, माणूस बसव.

त्यानंतर आम्ही ट्रॅक वापरला नाही आणि अकरा वर्षांनी संस्था बंद झाली. लोक म्हणतात, बाईंच्या हट्टापायी झाली. साफ खोटं. बरं, अर्धं खोटं. आमच्यातले दोघे मालिकांत गेले, एकाची बदली झाली, तालमीची जागा गेली. पण हेही खरं, की शेवटच्या दोन वर्षांत मी ट्रॅकला हो म्हटलं असतं तर आणखी पंधरावीस प्रयोग झाले असते. ते मी नाही म्हणून घालवले. त्याचं वाईट वाटतं का? एखाद्या रात्री वाटतं. पण त्या प्रयोगांना नाटक म्हणवलं नसतं माझ्याच्यानं. आणि हे मी तुला पटवतेय की स्वतःला, तो प्रश्न तू विचारू नकोस.

साथीदार मिळत नाहीत, हे तुझं दुसरं रडगाणं. शोधलेस कुठे? इन्स्टाग्रामवर? तुमच्या दत्ताच्या देवळात गुरुवारी भजन असतं, तिथे एक पोरगा पेटी धरतो. गाणारा बुवा मध्येच अभंग बदलतो आणि तो पोरगा बिनबोभाट मागून येतो, हे मी गेल्या वर्षी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. त्याला नाट्यपदं येत नसतील, ती शिकवता येतात. गाणाऱ्याकडे बघायची सवय शिकवायला फार वर्षं लागतात, आणि ती त्याला आहे.

तबल्यासाठी समोरच्या संस्थेकडे जा. त्यांचा अध्यक्ष तुझ्याशी बोलत नाही, ठाऊक आहे मला. ८ जुलै १९२१ ला गंधर्व आणि ललितकलादर्श, एकमेकींच्या तोडीस तोड दोन नाटक कंपन्या, टिळक स्वराज्य फंडासाठी एका रंगमंचावर आल्या. केशवराव भोसले नायक धैर्यधर, बालगंधर्व नायिका भामिनी. त्यांना अख्खं 'मानापमान' मिळून करता आलं आणि तुम्हाला एक तबलजी वाटून घेता येत नाही? तारखा आलटूनपालटून लावा, नाईट दोघांत अर्धी अर्धी पडेल. तो नाही म्हणाला तर मला सांग, त्याच्या आईला मी ओळखते.

रविवारी ये, चारच्या पुढे. चौदावी ओळ काढलेली शीट आण. स्टुडिओवाल्याला त्याआधी फोन करून मोकळा हो, गोड बोलून. आणि त्या पेटीवाल्या पोराला बरोबर घेऊन ये. दोन दिवस माझा घसा बसलाय, तेव्हा काळी चारवरून सुरू करू आणि बघू तो किती वेळात ओळखतो.

तुझी
ताई