पाठीमागून आलेला हात

प्रश्न : मी मिरजेत स्टाफ नर्स आहे. गोया या स्पॅनिश चित्रकाराने स्वतःला आजारी रंगवलंय आणि डॉक्टर आरिएता त्याला औषध पाजताहेत, ते चित्र मी पाहिलं. त्याविषयी वाचायला गेले तर जिकडेतिकडे गोयाचा बहिरेपणा आणि ताप यांचीच चर्चा. मागच्या अंधारातले चेहरे म्हणजे तापातले भास, असंही वाचलं. माझी नजर मात्र डॉक्टरांच्या हातावरच खिळली. पेशंटला उठवून पाजताना आम्ही असाच आधार देतो. मी चुकीचं पाहतेय का?

उत्तर : नाही ताई, तुम्ही नेमकं पाहिलंत. चित्रकलेचा शिक्षक असताना मी हे चित्र वर्गात दाखवायचो, ते खालची पट्टी कागदाने झाकून. मुलं कधी म्हणायची बापलेक आहेत, कधी म्हणायची भाऊ. डॉक्टर हा अंदाज उशिरा यायचा. मग कागद काढायचा.

त्या पट्टीवर गोयाने स्वतःच लिहून ठेवलंय. १८१९ च्या अखेरीस, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, तीव्र आणि धोक्याच्या आजारातून आपला मित्र आरिएता याने कौशल्याने आणि काळजीने आपला जीव वाचवला, म्हणून कृतज्ञ गोयाने हे १८२० मध्ये रंगवलं, असा त्याचा आशय. म्हणजे इथे आजार आपण बाहेरून आणून चित्राला चिकटवत नाही. पण चित्रकाराने आजाराचं नावसुद्धा दिलेलं नाही. मित्राचं दिलंय.

स्पेनमध्ये नवस फेडण्यासाठी चर्चला छोटी चित्रं वाहायची रीत होती. खाटेवर रोगी, वर संत किंवा मेरीमाता, खाली आभाराचा मजकूर. वांद्र्याच्या माउंट मेरीला लोक मेणाचे हातपाय वाहतात, त्यामागचा भाव तोच. गोयाने ती मांडणी उचलली आणि संताच्या जागी डॉक्टर बसवला. मला या चित्रातली सर्वांत धीट गोष्ट हीच वाटते.

आता बहिरेपणा. १७९२-९३ च्या दुखण्यात गोयाची श्रवणशक्ती गेली, ती कायमची. त्या दुखण्याला शिशाची विषबाधा, सिफिलिस, सुझॅक सिंड्रोम हा दुर्मिळ विकार अशी कितीतरी नावं नंतरच्या डॉक्टरांनी सुचवली. खरं नाव कोणतंही असो, चित्रातली एक रेघही त्याने बदलत नाही. बदलतं ते याने, की आरिएतांनी कितीही धीर दिला तरी या रोग्याला तो ऐकू येणार नव्हता. जे सांगायचं ते स्पर्शाने. पाठीमागून आलेला हात आणि ओठांजवळ धरलेला पेला यांना म्हणून एवढं वजन आहे. माझा हा अर्थ आहे, पण तुमचा अनुभव त्याला पुष्टी देतो.

अंधारातल्या चेहऱ्यांना कुणी नोकर म्हणतात, कुणी पाद्री, कुणी मृत्यूचे दूत. तापातले भास म्हणायला मी सहजी तयार नाही. चादर मुठीत आवळून, मान मागे टाकून पडलेल्या माणसाच्या हाती ब्रश नसतो. हे चित्र बरं झाल्यावरचं आहे. आपला आजारी चेहरा त्याने आठवून, जुळवून, पूर्ण शुद्धीत रंगवला. ते चेहरेही तसेच विचारपूर्वक मागे ठेवले, डॉक्टरांना उजेडात आणण्यासाठी.

चरित्रावरून चित्र वाचताना घाई कशी नडते, याचं एक उदाहरण. त्या काळात गोया माद्रिदबाहेर ज्या घरात राहायचा, त्याला ‘बहिऱ्याचं घर’ म्हणत. त्याच्या भिंतींवर त्याने १४ काळोखी चित्रं रंगवली, ती आज माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहेत. नाव गोयावरूनच पडलं असणार, असं वाटतं ना? ते आधीपासूनच होतं. पूर्वीचा मालकही बहिरा होता.

गोयाची बायको १८१२ मध्ये गेलेली, मुलांपैकी एकच जगलेला. यावरून ‘एकाकी म्हातारा’ अशी गोष्ट रचणं सोपं आहे. पण आरिएतांबरोबरचं मूळ चित्र, जे आज अमेरिकेत मिनीॲपोलिसच्या संग्रहालयात आहे, त्यात एकाकीपणा नाही. दोन डोकी एकमेकांना जवळजवळ टेकली आहेत.

एक मला तुमच्याकडून हवंय. गोयाची बोटं चादरीवर कशी वळली आहेत ते पाहा. पेशंट अशी मूठ कधी आवळतो? कळ आल्यावर, औषध नको असताना, की पडायच्या भीतीने? पुस्तकांत मला याचं उत्तर मिळालं नाही. जरूर लिहा.