तू दास नाहीस

ख्रिस्तामध्ये प्रिय,

तुझे पत्र पुन्हा पुन्हा वाचले. प्रार्थना चुकली की देव रुसला असे तुला वाटते, उपास मोडला की दंड म्हणून तू दुसरा उपास स्वतःवर लादतोस, आणि हे सोडले तर विश्वासच सुटेल या धास्तीने जगतोस. तुझे मित्र मात्र म्हणतात की ख्रिस्ताने मोकळे केले आहे, तेव्हा मन मानेल तसे वागावे. यांतले खरे कोणते, असे तू विचारतोस. दोन्ही खोटे आहेत.

तू दास नाहीस, पुत्र आहेस. प्रेषित पौलाने गलतीकरांना, म्हणजे गलतिया प्रांतातल्या मंडळ्यांना, पत्रातून हेच बजावले, आणि तेही रागाने. मंडळीबद्दल देवाचे आभार मानून पत्र सुरू करण्याची आपली नेहमीची रीतही त्याने तेथे बाजूला ठेवली. कृपेने तारलेल्या माणसांवर कोणी सुंतेची, म्हणजे यहूदी नियमशास्त्राच्या शारीरिक खुणेची, अट घालत होते, आणि नियमशास्त्राने नीतिमत्त्व मिळत असेल तर ख्रिस्ताचे मरण व्यर्थ ठरते, हे त्याला असह्य झाले होते. अंत्युखिया नगरात परराष्ट्रीय, म्हणजे यहूदी नसलेल्या, बंधूंच्या पंक्तीला बसणारा पेत्र, यरुशलेमेतल्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडची माणसे येताच भीतीने मागे सरला, तेव्हा पौलाने त्याला सर्वांदेखत तोंडावर विरोध केला. पेत्रासारख्या प्रेषितालाही भीतीने पंक्तीतून उठवले. मग तुझ्या दंडाच्या उपासांना मी भक्ती कशी म्हणू?

आता नीट लक्ष दे, कारण येथेच बहुतेक जण घसरतात. हाच पौल आपल्या सोबत्यांपैकी तीताची सुंता होऊ देत नाही आणि तीमथ्याची मात्र स्वतः करतो. तीताच्या बाबतीत तारणाची अट म्हणून सक्ती होऊ पाहत होती, म्हणून तो क्षणभरही वाकला नाही. तीमथ्याच्या बाबतीत त्या भागातल्या यहूद्यांपर्यंत सुवार्ता नेताना अडसर राहू नये, म्हणून त्याने ती आपणहून पत्करली. जे पुत्र म्हणून करता येते, तेच दास म्हणून करायचे त्याने नाकारले. तुझ्या मित्रांनाही हे सांग. मूर्ती काहीच नाही, म्हणून तिला वाहिलेले मांस खाण्यात पाप नाही, हे ठाऊक असूनही, आपल्या खाण्याने दुर्बळ बंधू अडखळणार असेल तर मी मांस कधीच खाणार नाही, असे करिंथकरांना लिहिणारा हाच मोकळा माणूस होता. 1520 साली धर्मसुधारक मार्टिन लूथरने हीच दोन टोके एकत्र बांधली: ख्रिस्ती मनुष्य कोणाचाही अंकित नाही, आणि तो सर्वांचा सेवक आहे.

मी तरुणांना हे शिकवू लागलो तेव्हा मुले बिघडतील असे म्हणून तो वर्ग माझ्याकडून काढून घेण्यात आला. त्याचे दुःख अजून आहे, पण माझे मत तसूभरही बदललेले नाही. त्या वर्गातली काही मुले आज कोणी विचारणारे नसतानाही गुडघे टेकतात. धाकाने वाढवलेली कितीतरी मुले धाक सरताच निघून गेलेली मी पाहिली आहेत. म्हणून पुन्हा सांगतो, आणि तू कंटाळलास तरी सांगेन: तू दास नाहीस.

प्रार्थना चुकली तर दुसऱ्या दिवशी सरळ पित्यासमोर बस; दंड भरू नकोस, तो वधस्तंभावर भरला गेला आहे. उपास करायचाच असेल तर यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात सांगितल्याप्रमाणे तुझी भाकर भुकेल्याला दे. गलतीकरांस पत्राचे सहा अध्याय एका बैठकीत वाच, पाचव्या अध्यायाच्या तेराव्या वचनापाशी थांब, आणि या आठवड्यात तुझ्या मोकळेपणाचा उपयोग कोणाला झाला ते मला कळव.