प्लेट फिरते, दिवा लागतो, पण मायक्रोवेव्ह गरमच करत नाही

प्रश्न : आमचा मायक्रोवेव्ह ७-८ वर्षं जुना आहे. परवापासून आतला दिवा लागतो, प्लेट फिरते, वेळही मागे मागे जाते पण पाणी गारच राहतं आणि आवाज नेहमीपेक्षा जाड, घुर्रर्र असा येतो. त्याआधी महिनाभर मधूनमधून ठिणग्या उडायच्या. धाकटा दीर म्हणतो की प्लग काढून कव्हर उघडलं की काही धोका नसतो, व्हिडिओ बघून मी करतो. करू देऊ का? की नवीनच घ्यावा?

उत्तर : आधी दिराला थांबवा. प्लग काढला की धोका संपला हे मिक्सरला, पंख्याला बऱ्यापैकी लागू पडतं, मायक्रोवेव्हला अजिबात नाही. आत एक कपॅसिटर असतो, चपटा पत्र्याचा डबा, बऱ्याच ओव्हनमध्ये त्याच्यावर २१०० व्होल्ट लिहिलेलं दिसेल, आणि प्लग काढल्यावरही तो चार्ज धरून बसू शकतो. हा चार्ज हळूहळू उतरवायला आत एक छोटा रेझिस्टर असतो खरा, पण तो गेलेला असला तर बाहेरून काही कळत नाही, आणि तिथे हात लागला तर जीव जाऊ शकतो. स्क्रूड्रायव्हर टेकवून चार्ज उतरवतात ते व्हिडिओ बघून तर मला धडकीच भरते, सांगणाऱ्याचं ठीक, बघणाऱ्याच्या हाताखाली कोणता भाग आहे हे त्याला कुठे माहीत असतं.

म्हणून माझा नियम एकच, बाहेरचं पत्र्याचं कव्हर ही हद्द. त्याच्या अलीकडचं घरी करा, पलीकडचं ज्याने हे काम शिकलंय त्यालाच करू द्या.

तुम्ही सांगताय तो जाड आवाज आणि गार पाणी म्हणजे बहुतेक डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा छोटा भाग), कपॅसिटर नाहीतर मॅग्नेट्रॉन, म्हणजे पदार्थ गरम करणाऱ्या लहरी तयार करणारा भाग. पहिले दोन स्वस्तातले भाग आहेत, मॅग्नेट्रॉन महाग. मेकॅनिकला नेमकं काय गेलंय ते आधी विचारा आणि मगच ठरवा, मॅग्नेट्रॉन गेला असेल तर एवढ्या जुन्या ओव्हनवर खर्च करायला मी तरी सांगणार नाही. दुरुस्त होऊन आला की एक साधी टेस्ट करा. काचेच्या भांड्यात १ लिटर पाणी घ्या, आधी तापमान मोजा, फुल पॉवरवर १ मिनिट चालवा, ढवळून परत मोजा. ८०० वॅटच्या ओव्हनमध्ये साधारण ११ अंश वाढायला पाहिजे, ४-५ च वाढलं तर काम झालेलं नाही. रिकामा मात्र कधी चालवू नका, मॅग्नेट्रॉनच खराब होतो.

आता ठिणग्या. आतल्या भिंतीवर, बहुतेक उजव्या बाजूला, पुठ्ठ्यासारखा एक करडा तुकडा असतो बघा, तो अभ्रकाचा पत्रा. त्याच्यावर तेलाचे शिंतोडे बसतात, ते जळून काळे होतात आणि तिथूनच ठिणगी उडते. हा मात्र प्लग काढून घरी बदलता येतो, एखादा स्क्रू नाहीतर क्लिप असते, नवीन तुकडा जुन्याच्या मापाने कात्रीने कापून बसवायचा. त्याच्यामागची भिंत जळून भोक पडलं असेल किंवा आतला रंग उडून गंज आला असेल तर दुरुस्तीच्या भानगडीत पडूच नका, नवीनच घ्या. दार वाकलंय, नीट बसत नाही, तरी हेच.

आणि दार उघडताना किंवा लावताना फ्यूज उडत असेल तर मोठा फ्यूज टाकून गप्प करू नका. दारामागे स्विच असतात, त्यातला एक मुद्दाम फ्यूज उडवण्यासाठीच ठेवलेला असतो, बाकीचे स्विच अडकून दार उघडं असताना ओव्हन चालू राहू नये म्हणून. कुणी मेकॅनिक तो स्विच डायरेक्ट करून देतो म्हणाला तर ओव्हन त्याच्या हातातून परत घ्या.

जुना टाकायची वेळ आली तर तांब्यासाठी घरी खोलू नका, कपॅसिटर तेव्हाही आतच असतो. वायर न कापता तसाच अख्खा ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.