एमपी४ व्हिडिओ वेबसाइटवर पूर्ण डाउनलोड झाल्याशिवाय सुरू का होत नाही?

बहुतेक वेळा दोष नेटच्या वेगाचा नसतो, फाइलच्या रचनेचा असतो. एमपी४ मध्ये ‘मूव्ह’ (moov) नावाचा एक भाग असतो. कोणती फ्रेम कितव्या बाइटपासून सुरू होते, याची नोंद त्यात असते आणि ती वाचल्याशिवाय ब्राउझर पहिली फ्रेमही दाखवू शकत नाही. रेकॉर्डिंग संपेपर्यंत ही नोंद पूर्ण होत नाही, म्हणून एन्कोडर (व्हिडिओ फाइल तयार करणारा प्रोग्रॅम) ती सहसा फाइलच्या शेवटी लिहितो.

एफएफएमपेग (FFmpeg) या व्हिडिओवर प्रक्रिया करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ‘कोडेक कॉपी’सोबत (-c copy) ‘मूव्हफ्लॅग्ज फास्टस्टार्ट’ (-movflags +faststart) हा पर्याय द्या. नोंद फाइलच्या सुरुवातीला येते. व्हिडिओ पुन्हा एन्कोड होत नाही, त्यामुळे दर्जा तसाच राहतो आणि कामही पटकन उरकतं.

मग सर्व्हर तपासा. ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये व्हिडिओच्या विनंतीला २०६ (म्हणजे ‘फाइलचा मागितलेला भाग दिला’) उत्तर यायला हवं. रेंज (फाइलचा ठरावीक भाग) मागूनही २०० (पूर्ण फाइल) येत असेल तर सर्व्हर फाइलचे तुकडे देत नाही. अशा वेळी पुढे सरकवणंही अडतं. हे तपासणं फार जण विसरतात.

मोठ्या व्हिडिओंसाठी मात्र सरळ एचएलएस (व्हिडिओ छोट्या तुकड्यांत पाठवण्याची पद्धत) वापरा: साधारण ६ सेकंदांचे तुकडे, दोन-तीन बिटरेट (दर सेकंदाला लागणारा डेटा), आणि प्रत्येक तुकड्याची सुरुवात कीफ्रेमनेच (आधीच्या फ्रेमशिवाय पूर्ण दिसणारी फ्रेम).